न झालेल्या भेटींचा दाखला

त्या बाई शाळेत आल्या तेव्हा मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते. त्या दारातच थांबल्या. चपला बाहेर काढल्या, पण आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. आमच्या पटावरच्या एका मुलीच्या त्या चुलती. मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून पाय चालत नव्हते, एक हात कसाबसा चालायचा, आणि बोलणं ओळखीच्या माणसालाच कळायचं. तिचं नाव हजेरीपटावर होतं, पण ती शाळेत येऊ शकत नव्हती. वस्ती दीड किलोमीटर लांब, मध्ये ओढा, आणि वाटेवर नुसते धोंडे.

तिचे आईवडील दिवाळी झाल्या झाल्या कोपरगावकडे ऊसतोडीला गेले होते. आमच्या पाथर्डीकडच्या भागात त्या दिवसांत कितीतरी घरांना कुलपं असतात. ही चुलती गाया बघायला आणि या मुलीला सांभाळायला मागे राहिली होती.

"बाई, त्या गाडीवाल्या म्याडम आता येनार न्हाईत का?" त्यांनी विचारलं. "येनार नसत्याल तर तसं सांगा. त्या पोरीपाशी थांबत्यात म्हनून मी मंगळवारी आन् शुक्रवारी कापूस येचायला येते असा शब्द देती, आन् त्या आल्या न्हाईत की मला जाता येत न्हाई."

मी म्हटलं, येतात ना त्या. दर मंगळवारी, दर शुक्रवारी.

"कुठं येत्यात? दिवाळीपासनं तीनदा आल्या. पोरगी सकाळच्यान दाराकडं तोंड करून बसती. तिला तसं मलाच बसवावं लागतं."

एवढं सांगून त्या गेल्या. मी फळ्याकडे वळले, पण वजाबाकी पुढे सरकेना. त्या सकाळीच माझ्या टेबलावर एक कागद आला होता, आणि त्यावर त्या महिन्यात नऊ भेटी झाल्याचं लिहिलेलं होतं.

त्या कागदाबद्दल आधी सांगायला हवं. ज्या मुलांना शाळेपर्यंत येता येत नाही त्यांना घरी जाऊन शिकवायचं, असा एक प्रकल्प आमच्या भागात सुरू झाला होता. पैसे पुण्याच्या एका ट्रस्टचे, चालवणारी एक संस्था. संस्थेचं ऑफिस नगरला. कागदावर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या जीपवाल्याच्या तोंडी अजून नगरच आहे. संस्थेनं तीन गावांसाठी एक विशेष शिक्षिका नेमली होती. ती स्कूटीवर यायची, म्हणून सगळे तिला गाडीवाल्या मॅडम म्हणायचे. प्रत्येक गावाला आठवड्यातले दोन दिवस. आमचे मंगळवार आणि शुक्रवार.

ट्रस्टचा नियम असा होता की ही बाई आमच्या पैशावर काम करते, तर तिचा वेळ कुठे गेला ते आम्हाला महिन्याच्या महिन्याला कळलं पाहिजे. त्यासाठी एक छापील फॉर्म होता. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणतं काम. खाली एक वाक्य: वरील सर्व वेळ केवळ याच प्रकल्पाच्या कामासाठी दिला गेला, असे मी प्रत्यक्ष माहितीच्या आधारे प्रमाणित करते. त्याखाली शिक्षिकेची सही, आणि तिच्या शेजारी मुख्याध्यापकाची सही आणि शाळेचा शिक्का.

मुख्याध्यापिका मी. दोन शिक्षकांची शाळा आमची, त्यामुळे मुख्याध्यापिकाही मीच आणि तिसरी-चौथीची बाईही मीच. पोषण आहाराची नोंद, पुस्तकांचं वाटप, ऑनलाइन माहिती, सगळ्यावर माझीच सही लागायची. दिवसाला किती सह्या करते हे मी कधी मोजलं नव्हतं. या फॉर्मवर मी आधी चार महिने सही केली होती. एकदाही वाचून नाही. ती गाडीवाली मुलगी कागद पुढे करायची, मी सही करायचे, ती शिक्का मारून घ्यायची. प्रत्यक्ष माहितीच्या आधारे, असं मी चार वेळा लिहून दिलं होतं, आणि प्रत्यक्ष माहिती मला काडीचीही नव्हती.

मी तिला मुलगी म्हणते, कारण ती माझ्या लेकीच्या वयाची होती. कामात मात्र पक्की होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा मी तिच्याबरोबर वस्तीवर गेले होते. तिनं पेन्सिलीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून जाड केली होती, म्हणजे त्या पोरीच्या बोटांत ती राहील. पोरीनं कागदावर एक रेघ ओढली, वाकडी, कागदाबाहेर गेलेली. ही म्हणाली, ही गाईची शेपटी, आता गाय कुठाय ते दाखव. पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. असं शिकवणं मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत जमलेलं नाही. म्हणूनच चुलतीचं बोलणं ऐकून मला आधी राग आला नाही, कोडं पडलं.

पुढच्या शुक्रवारी ती शिक्षिका सहीचा कागद न्यायला आली. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं. तिनं एका शब्दानंही नाकारलं नाही. महिन्यातले बरेच दिवस तिला संस्थेच्या ऑफिसात बसवून ठेवत होते. संस्थेचा वर्धापनदिन होता, त्याच्या पाहुण्यांच्या याद्या, पत्रिका, मंडपवाल्याला फोन. मग संस्थेच्याच दुसऱ्या एका कामाची माहिती कॉम्प्युटरवर भरायची होती, त्याला माणूस नव्हता. दिवाळीआधीही असे दिवस गेले होते, पण तेव्हा पोरीची आई घरी होती, त्यामुळे आमच्यापर्यंत कुणाची तक्रार आली नव्हती. फॉर्म ती भरतच नव्हती. समन्वयक साहेब भरून द्यायचे आणि ती सही करायची.

मी म्हटलं, यावर मला सही करता येणार नाही.

ती म्हणाली, "मॅडम, तुमची नोकरी पक्की आहे. माझी मार्चपर्यंत आहे. नवरा सुप्याच्या कंपनीत कंत्राटावर, त्याला तर महिन्याची पण खात्री नाही. तुम्ही सही नाही केली तर तुमचं काय जाणार आहे?"

तिचं म्हणणं खरं होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या मनातलं सांगितलं. त्या फॉर्मवर खोटं ठरेल ते तुमचं ठरेल, त्यांचं नाही. उद्या कुणी विचारलं तर सही तुमची आणि माझी असणार, भरून देणाऱ्याची नसणार. मी त्यावर खरं लिहिते, की तीन भेटी झाल्या, बाकीचे दिवस संस्थेनं तुम्हाला दुसरं काम दिलं. त्यात तुमचा दोष कुठेही येणार नाही. तुम्हीही तसंच लिहा.

ती उठली. कागद टेबलावर तसाच ठेवला. "मला जमणार नाही," म्हणाली आणि स्कूटी चालू करून निघून गेली. त्या दिवशी ती वस्तीवरही गेली नाही, हे मला चुलतीकडून नंतर कळलं.

मधल्या सुट्टीत मी पेन घेतलं. भरलेल्या नऊ ओळींतल्या सहा ओळींवर आडवी रेघ मारली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, भेट झाली नाही. खाली लिहिलं की शिक्षिकेला या दिवशी संस्थेच्या कार्यालयात काम दिले होते असे तिने मला सांगितले. सही केली, शिक्का मारला. आमचे दुसरे गुरुजी शेजारी डबा खात होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले की मॅडम, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, कशाला हे. मी म्हटलं, तीन वर्षं राहिलीत म्हणूनच. आता तरी एकदा वाचून सही करू दे.

सहीचा कागद मिळाला नाही म्हणून सोमवारी समन्वयक स्वतः आले. पांढरी गाडी शाळेच्या अंगणात आली की मुलं वर्ग सोडून खिडकीला लागतात, तशी लागली. माणूस गोड बोलणारा. वय पस्तिशीचं, शर्ट इस्त्रीचा, हातात दोन मोबाईल. त्यांनी आधी शाळेची रंगरंगोटी छान आहे म्हणून सांगितलं. मग मी खोडलेला कागद पाहून मुद्द्यावर आले. संस्था एकच आहे, मग तिचं एक काम काय आणि दुसरं काय. शेवटी सगळं मुलांसाठीच चाललंय. शिक्षिकेनं ऑफिसात काम केलं तरी ती रिकामी तर बसली नव्हती. मी म्हटलं, बसली नव्हती, पण फॉर्मवर लिहिलंय की ती वस्तीवर होती. ती वस्तीवर नव्हती. तिथं एक मुलगी दाराकडे तोंड करून बसली होती.

मग त्यांनी सांगितलं की त्या पोरीसाठी चाकाची एक खुर्ची याच महिन्यात मंजूर करता येईल. शाळेला एक टॅबही देता येईल. आधीचा फॉर्म फाडून टाकू, नवा भरू, तुम्ही फक्त सही करा. मी खोटं बोलणार नाही, खुर्चीचं ऐकून मी थांबले. त्या पोरीला चुलती काखेत धरून अंगणात आणायची, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण मंजूर करायची असती तर ती खुर्ची प्रकल्प सुरू झाला तेव्हाच करता आली असती. माझ्या सहीशी तिचा काय संबंध? मी तेच विचारलं.

त्यांचा गोडवा तिथं संपला. ते म्हणाले, "मॅडम, जरा विचार करा. आधीच्या चार महिन्यांच्या फॉर्मवरही तुमचीच सही आहे. ते चुकीचे निघाले तर अडचण कुणाची होईल?"

मला वाटतं, त्यांनी हे म्हटलं नसतं तर मी कदाचित तेवढ्या एका कागदावर थांबले असते. पण हे ऐकल्यावर माझं डोकं तापलं. गेले तीन दिवस मी स्वतःलाच हे विचारत होते आणि उत्तर टाळत होते. ते त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मी म्हटलं, "बरं झालं, आठवण करून दिलीत. तेही लिहून देते."

त्यांच्यासमोर कोरा कागद घेतला आणि लिहिलं. मागील चार महिन्यांची प्रमाणपत्रे मी न वाचता व खात्री न करता स्वाक्षरी करून दिली आहेत. त्यांतील नोंदी माझ्या प्रत्यक्ष माहितीतल्या नाहीत. ती प्रमाणपत्रे मी मागे घेत आहे. चूक माझी आहे. खाली नाव, सही, शिक्का. मी कागद पुढे केला तर ते म्हणाले, मी हा घेऊ शकत नाही, असं पत्र घ्यायची पद्धत नाही. आणि निघून गेले. मुलांनी खिडकीतून गाडीला टाटा केला.

फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात ट्रस्टचा पुण्याचा पत्ता छापलेला होता. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पाथर्डीच्या पोस्टात गेले आणि दोन्ही कागद रजिस्टर पोस्टानं पाठवून दिले. खिडकीतल्या माणसानं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा वाटलं, परत मागून घ्यावं. मागितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. संस्थेकडून माझ्याविरुद्ध शिक्षण खात्याकडे अर्ज गेला, की ही मुख्याध्यापिका दिव्यांग मुलांच्या कामात अडथळा आणते आणि संस्थेच्या लोकांशी उद्धट वागते. केंद्रप्रमुखांनी फोन करून खुलासा मागितला. त्यांच्या आवाजात वैताग होता, पण तो माझ्यावर होता की अर्जावर ते कळलं नाही. मी खुलासा चार ओळींत दिला. मला जे माहीत नाही ते माहीत आहे असे प्रमाणित करण्यास मी नकार दिला आहे. यापुढेही देईन. उद्धट बोलल्याचे आठवत नाही, पण आवाज मोठा झाला असल्यास तो माझ्या वर्गातही मोठाच असतो. गुरुजी म्हणाले, शेवटचं वाक्य काढा. मी काढलं नाही.

गावातही कुजबूज झाली. बाईंनी चालू काम बंद पाडलं, असं पाराजवळ कुणीतरी म्हणालं आणि ते माझ्यापर्यंत येईल अशा बेतानंच म्हणालं. शाळेला येजा करायच्या जीपमध्ये माझ्या शेजारची जागा दोनतीन दिवस रिकामी राहिली. मी पिशवी त्या जागेवर ठेवली आणि ऐसपैस बसून आले.

मला खरा त्रास झाला तो त्या शिक्षिकेचं वाक्य आठवून. तुमचं काय जाणार आहे. रात्री नाही, दिवसा, शिकवता शिकवता ते मध्येच आठवायचं.

आणि मग एका शुक्रवारी स्कूटीचा आवाज आला. ती आत आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून वहीची चार पानं काढली. तिनं स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून आणलं होतं. सुरुवातीच्या महिन्यापासून. अमुक मंगळवार, वस्तीवर भेट, दहा ते एक. अमुक शुक्रवार, ऑफिस, पाहुण्यांची यादी. अमुक मंगळवार, ऑफिस, दुसऱ्या प्रकल्पाची माहिती भरणे. तिच्या मोबाईलवर ऑफिसात बोलावल्याचे मेसेज होते, त्यांवरून तिनं एकेक दिवस लावला होता. आमच्याच नाही, तिन्ही गावांचा.

मी म्हटलं, घरी विचारलंत का? ती म्हणाली, "नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मार्चपर्यंत खोटं लिहून मार्चनंतर काय मिळणार आहे. आणि खरं सांगू का मॅडम, तुम्ही तुमच्या चार सह्या मागे घेतल्या हे मला साहेबांच्या तोंडूनच कळलं. ते शिव्या देत होते. तेव्हा वाटलं, माझ्याही चार आहेत."

त्या दिवशी ती वस्तीवर गेली. कुणीही पाठवलेलं नसताना.

तिची पानंही पुण्याला पोचली आणि जानेवारीत ट्रस्टच्या एक बाई आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, एसटीनं आलेल्या. माझ्याशी अर्धा तास बोलल्या आणि मग म्हणाल्या, मला वस्तीवर जायचंय. आम्ही चालत गेलो. चुलती गोठ्यात शेण काढत होती. तिनं हात धुतले, पोरीला दाराशी बसवलं आणि विचारलं ते सगळं सांगितलं. कोणत्या आठवड्यात मॅडम आल्या, कोणत्या आठवड्यात नाही, हे ती कापसावरून सांगत होती. ह्या येचणीला आल्या हुत्या, त्या येचणीला न्हाई. ट्रस्टच्या बाईंनी लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढे केली. चुलतीनं पेन हातात घेतलं नाही.

"आदी वाचून दावा," ती म्हणाली. "मी काय बोलले ते लिवलंय का बगू द्या."

बाईंनी वाचून दाखवलं. एका ठिकाणी चुलतीनं थांबवलं. बाईंनी लिहिलं होतं की शिक्षिका नियमित येत नसे. चुलती म्हणाली, तसं नगा लिवू. तिला येऊ दिलं न्हाई, असं लिवा. आली की जीव लावून शिकवायची. बाईंनी ओळ खोडून पुन्हा लिहिली. मग चुलतीनं सही केली. नाव अख्खं, एकेक अक्षर सुटं. मी तिथं उभी होते आणि मला माझीच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

याचा शेवट कुणाच्या मनासारखा झाला नाही. ट्रस्टनं त्या संस्थेकडून प्रकल्प काढून घेतला. गाडीवाल्या मॅडमचं काम फेब्रुवारीतच थांबलं. नवी संस्था येईपर्यंत उन्हाळा गेला. मधल्या काळात मंगळवारी शाळा सुटल्यावर मीच वस्तीवर जायचे. मला ते येत नव्हतं. मी पेन्सिल तिच्या हातात जोरानं दाबायचे आणि ती हात काढून घ्यायची. एकदा तिनं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. चुलती हसून म्हणाली, ती म्हनती, तुमी नका शिकवू, नुस्तं बसा. मग मी नुसती बसायचे. गाईच्या, शाळेतल्या मुलांच्या गोष्टी सांगायचे. ते तिला चालायचं.

मुलीचे आईवडील ऊसतोडीवरून परतले तेव्हा वडील शाळेत येऊन मला बोलले. चालत हुतं ते चालू द्यायचं हुतं बाई, आठवड्यातनं एकदा का हुईना, येत तर हुत्या. मी त्यांना समजावायला गेले नाही. तीन महिने त्यांच्या लेकीला कुणी शिकवलं नाही, हे खरंच होतं. पण मला पुन्हा तोच कागद दिला तर मी पुन्हा तेच करीन, हे मात्र त्यांना सांगितलं. ते मान हलवून निघून गेले.

जूनमध्ये नव्या संस्थेनं काम सुरू केलं. गाडीवाल्या मॅडमनं अर्ज केला होता, मुलाखत दिली, तिला घेतलं. तिच्या जुन्या तीन गावांपैकी दोन मिळाली. आमचं गाव दुसऱ्या एका शिक्षिकेला दिलं. ती नवी आहे, अजून हात बसायचाय, पण दोन्ही दिवस येते. खुर्चीही आली, ट्रस्टकडून, सहीच्या बदल्यात नाही. ओढ्याच्या वाटेवर ती चालत नाही, पण अंगणात चालते.

मागच्या लग्नसराईत पाथर्डीला एका नातेवाइकांच्या लग्नात ते जुने समन्वयक भेटले. पंगतीसाठी थांबलो होतो. त्यांनी मला ओळखलं आणि सोबतच्या दोघांना हसत हसत सांगितलं, या मॅडमपासून जपून राहा, ह्या वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

ते दोघेही हसले. मी हसले नाही.

"चार महिने न वाचता केल्या होत्या," मी म्हटलं. "तेही सांगा त्यांना. आणि फॉर्म कोण भरून देत होतं, तेही सांगा."

तेवढ्यात वाढपी पत्रावळी मांडू लागले, आणि मी जाऊन पंगतीला बसले.